कुलूप नसलेले रान

ज्येष्ठ महिन्यात दोन मुक्कामांसाठी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जायचे, असे आमच्या कुटुंबातील तरुण मंडळींनी ठरवले आणि निवृत्त माणसाजवळ वेळच वेळ असतो या समजुतीने आखणीचे काम माझ्याकडे सोपवले. चार जीपगाड्या, अठरा माणसे. त्यांत सात वर्षांची नात आणि नियमाने चौविहार करणाऱ्या माझ्या वहिनी. पुतण्याचे भुसार मालाचे दुकान घोडेगावला, जावईबापूंची कापडाची पेढी राहुरीला. म्हणून पहिली बैठक दोघांनाही सोयीच्या शनिशिंगणापुरास घेतली. रस्त्याकडेच्या एका रसवंतीच्या मांडवाखाली आम्ही नकाशा पसरला.

नकाशा पाहताना प्रथम एक गोष्ट ध्यानात आली. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात प्रवरासंगम येथे प्रवरा नदी गोदावरीस मिळते; आणि तिचा उगम आहे रतनगडावर, म्हणजे आम्ही जाणार होतो तेथेच. नेवाशाकडे वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, तर त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघरला त्याच्या आठ-दहा पट. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असे करीत दीडशेहून अधिक किलोमीटर गेले, की १९२६ साली पूर्ण झालेली भंडारदरा धरणाची भिंत दिसते. तेथून जलाशयाच्या काठाने रतनवाडी, तेथील अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ, पुढे साम्रद आणि सांदण दरी. हा सारा मुलूख १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. मृगाचा पाऊस स्थिरावण्यापूर्वीच्या दिवसांत येथील हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभूळ ही झाडे काजव्यांनी लखलखतात. तेच पाहावयास जायचे होते. शिवाय चातुर्मास बसण्यापूर्वी प्रवास उरकायचा असल्याने तिथीही सोयीची होती.

आपल्या मंडळींचा रानातील मुक्काम म्हणजे घड्याळाचे काम. जूनच्या आरंभी तिकडे सूर्यास्त सातनंतर दहा मिनिटांच्या आसपास होतो. म्हणजे साडेसहापर्यंत जेवणे आटोपली पाहिजेत. सूर्योदय सहाच्या आत, त्यावर ४८ मिनिटे धरून नवकारसी. उकळलेल्या पाण्याची उन्हाळ्यातील मर्यादा ५ प्रहरांची, म्हणून पाणी पहाटेच उकळून भरायचे. जमीनकंद वर्ज्य, हे रतनवाडीत स्वयंपाक करून देणाऱ्या ताईंना आधीच कळवले. शेकोटीचा बेत पहिल्याच बैठकीत रद्द झाला. अभयारण्यास धोका होईल असा अग्नी पेटवण्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो आणि तेजस्काय जीवांचा विचार आपल्या घरी लहानपणापासून शिकवलेला असतो.

गाड्यांची यादी पुतण्याने केली: प्रत्येकीत स्टेपनी, ओढण्याचा दोर, फावडे, टायरमधील हवा मोजण्याचे यंत्र. मऊ जमिनीवर हवा थोडी कमी करायची, डांबरी रस्त्यास लागताच पुन्हा भरायची. ताफ्यातील प्रत्येक चालकाने आरशातून मागच्या गाडीवर नजर ठेवायची. ती दिसेनाशी झाली की आपण थांबायचे. हा नियम मला फार आवडला. कुटुंबेही अशीच चालावीत.

मतभेद झाला तो रात्रीच्या कार्यक्रमावर. पुतण्याचे म्हणणे असे, की जेवणानंतर गाड्या रस्ता सोडून रानात घालायच्या आणि ऐन काजव्यांच्या झाडांखाली उभ्या करायच्या. मी नाही म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, “काकासाहेब, रस्त्यानेच जायचे तर फोर-व्हील गाड्या घेतल्या कशाला? तिथे ना कुंपण, ना फाटक!”

मग मला सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागली, जी मी घरी कोणासही सांगितली नव्हती. त्या वर्षी दोन मित्रांसह मी गेलो होतो आणि गाडी मीच चालवत होतो. अंधारात रस्ता सोडून गवतातून एका झाडाजवळ गेलो. झाड असे लुकलुकत होते, की क्षणभर हातपाय हलेनात. उतरताना किल्ली गवतात पडली. ती शोधण्यासाठी गाडीचे मोठे दिवे दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवले. किल्ली सापडली, दिवे मालवले, वर पाहिले तर झाड काळेकुट्ट. सोबतचा गावातला तरुण हळूच म्हणाला, “साहेब, झाड इझलं.” सकाळी पाहिले, तर ओल्या मातीत चाकांच्या दोन खोल चऱ्या, त्यांत दाबले गेलेले गवत. त्याच मातीत काजव्यांची अंडी असतात आणि त्यांच्या अळ्या महिनोन्‌महिने वाढतात, हे मला नंतर समजले.

माशी, भ्रमर, पतंग यांची गणना आपण चतुरिंद्रिय जीवांत करतो. काजवाही त्याच पंक्तीतला. स्पर्श, रस आणि घ्राण यांच्यानंतरचे चौथे इंद्रिय म्हणजे चक्षू. काजव्यांचे नर-मादी परस्परांस ओळखतात ते प्रकाशाच्या खुणेने, म्हणजे या चौथ्या इंद्रियाच्याच बळावर. आणि पंख फुटल्यावर त्यांस आयुष्य मिळते ते थोड्या दिवसांचे. मी नेमके तेच इंद्रिय निकामी केले होते. इरियावहियं म्हणताना ओस, शेवाळ, ओली माती यांतील जीवांची येता-जाता झालेली विराधना आपण रोज आठवतो. त्या सायंकाळीही मी ते म्हटले होते, आणि तासाभराने गाडी गवतात घातली होती.

पुतण्या गप्प झाला. समोर एक जुने घर होते. चौकट होती, कवाड नव्हते. मी म्हणालो, “इथे दार नाही म्हणून तू आत शिरशील का?” माझी सारी नोकरी तिजोरीच्या दोन किल्ल्यांच्या शिस्तीत गेली, एक माझ्याजवळ, दुसरी सहकाऱ्याजवळ. संधी मिळाली की माणूस हात मारणारच, हे त्या शिस्तीचे गृहीत. २०११ साली युको बँकेने याच गावात कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा आम्ही अधिकारी मंडळी हसलो होतो. गावात चोऱ्या मुळीच झाल्या नाहीत असे नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या उघडी राहिलेली घरे राखली, ती बाहेरून येणाऱ्याच्या संकोचानेच. रानाला तर तेवढाही शेजार नाही.

अखेर ठरले ते असे. गाड्या फक्त दिवसा, तयार असलेल्या कच्च्या वाटांनीच चालवायच्या आणि सायंकाळी सहाच्या आत रतनवाडीत उभ्या करायच्या. तंबू गावकऱ्यांच्या अंगणात, योग्य भाडे देऊन. प्रवेशाचे परवाने व वेळेची बंधने वनखाते सांगेल ती. रात्री पायी, मळलेल्या वाटेवरून, पुढची जमीन पाहत. बॅटऱ्यांवर लाल कागद आणि उजेड केवळ पायांपुरता. लाल कागदाची सूचना पुतण्याचीच होती. परतताना कचऱ्याची पिशवी घरी आणायची, हेही त्यानेच यादीत लिहिले.

वाचकांपैकी कोणी यंदा तिकडे जाणार असेल, तर ही यादी अवश्य वापरावी. मी मात्र या खेपेस आणखी एका कामासाठी जाणार आहे. ते झाड मला अजून ओळखता येईल. त्याच्यापासून चार पावले दूर, अंधारात उभे राहून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायचे राहून गेले आहे.