चालू आहे

संगणकाच्या बाबतीत ‘चालू आहे’ हे मराठी वाक्य फसवं आहे. एखादी सेवा आत्ता काम करते आहे, असा त्याचा अर्थ होतो. आणि यंत्र बंद करून पुन्हा लावलं तरी ती आपोआप सुरू होईल, असंही आपण त्यातच धरून चालतो. लिनक्स या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू कर. ‘इनेबल’ म्हणजे यंत्र सुरू होईल तेव्हा दर वेळी सुरू कर. एक आज्ञा दिली म्हणून दुसरी दिली गेली असं होत नाही.

पडद्यामागे चालणाऱ्या अशा प्रोग्रामांना ‘डीमन’ म्हणतात. 1963च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकवर काम करणाऱ्यांनी हे नाव मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून घेतलं. डब्यातले रेणू निवडून न थकता इकडून तिकडे सोडणारा, कुणाला न दिसणारा दारवान, अशी ती कल्पना. न दिसणाऱ्या कामाची अडचण अशी की ते नेमकं कोण करतंय, हेही दिसत नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात हे मला नीट कळलं. तिथली पुस्तकांची यादी आणि रोजची देवघेव एका जुन्या संगणकावर होते. पावसाळ्यात वीज रात्री-अपरात्री जाते, बॅटरी दमलेली, त्यामुळे यंत्र बंद पडतं. सकाळी लिपिकबाई येऊन ते लावत आणि नऊला देवघेव सुरू होई. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. सचिवांनी फोन केला, “एवढं एक बघून द्या. उद्यापासून हे कोण करणार?”

टेबलाच्या काचेखाली बाईंच्या अक्षरातला एक पुठ्ठा होता. पासवर्ड घालणे. डिस्कचं चित्र येऊ देणे. चहा. मग काळ्या खिडकीत ही ओळ लिहिणे.

ती ओळ म्हणजे ‘स्टार्ट’ची आज्ञा. सेवा इनेबल आहे का, असं सिस्टीमडीला विचारलं तर उत्तर आलं: ‘स्टॅटिक’. 2010 साली आलेली सिस्टीमडी आज बहुतेक लिनक्सवर या सगळ्या सेवांना उठवण्याचं काम करते. इनेबल करणं म्हणजे तिथे फार काही जादू नसते. सेवेच्या फाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ नावाचा एक भाग असतो, कुणाच्या हाकेला उठायचं ते त्यात लिहिलेलं असतं. इनेबल केल्यावर त्या हाकेच्या फोल्डरमध्ये या फाइलकडे बोट दाखवणारा एक दुवा तयार होतो. इथे तो भागच नव्हता, म्हणून दुवा कुठे ठेवायचा हेच ठरलेलं नव्हतं. दोन ओळी घातल्या, इनेबल केलं, यंत्र पुन्हा सुरू केलं.

तरी सेवा बंदच. बघायला बसलो, हाताने सुरू केली, तर लगेच चालू. चार वेळा हेच. अशा वेळी यंत्राची नोंदवही वाचावी, आणि तीही फक्त या वेळच्या सुरुवातीपासूनची. तिथे लिहिलं होतं की पुस्तकांच्या माहितीचं फोल्डर सापडत नाही. सेवेने दहा सेकंदांच्या आत पाच वेळा उठून पाहिलं आणि मग नाद सोडला. सिस्टीमडीची ती ठरलेली मर्यादा आहे.

माहिती बाहेरून जोडलेल्या डिस्कवर होती. ती डिस्क यंत्र लागल्यावर जोडली जात नव्हती. कुणीतरी पासवर्ड घालून आत शिरलं की डेस्कटॉप तिला जोडून घेई. सेवा उठायची तेव्हा कुणीच आत आलेलं नसायचं. आणि बिघाड बघायला बसायचं म्हणजे आधी पासवर्ड घालायचा, म्हणजे बिघाड गेलाच!

मग डिस्कला माउंटच्या यादीत कायमची जागा दिली, सेवेला तिथला नवा पत्ता कळवला आणि ‘ही जागा जोडली गेल्याशिवाय उठू नकोस’ अशी एक ओळ तिच्या फाइलमध्ये घातली. यंत्र बंद केलं, लावलं आणि त्याला हात न लावता काउंटरवरच्या दुसऱ्या संगणकावरून यादी उघडली. आली. असं तीनदा केलं. खरी परीक्षा तेवढीच: कुणीही जवळ नसताना.

बाईंनी एक पुस्तक शोधून पाहिलं. “म्हणजे आता चहा नंतर घेतला तरी चालेल,” म्हणाल्या.

पुठ्ठा टाकून देऊ नका, फाइलला लावा, असं मी सचिवांना सांगितलं. त्यांना ते कळेना. पण दोन दिवस मी जे शोधत होतो ते त्यात क्रमाने लिहिलेलं होतं: आधी पासवर्ड, मग डिस्क, मग थोडा वेळ, मग सेवा. तो चहा म्हणजे डिस्क येईपर्यंतची वाट होती. बाईंना कारण कुणी सांगितलं नव्हतं. रोज पाहून त्यांनी क्रम बसवला होता. वाचनालयाच्या अहवालात मात्र दर वर्षी एकच ओळ होती, संगणक व्यवस्थित चालू आहे.