सायकलवर मुरूडला जाताय? आधी परतीचा वारा बघा

सायकलवरून पहिल्यांदाच लांब जाणार असाल, तर अलिबाग ते मुरूड हा रस्ता निवडा. अंतर सुमारे 50 किलोमीटर. रेवदंड्याचा पूल ओलांडून पुढे निघालात की काशीदचा पांढरा किनारा लागतो. तिथे शहाळं प्यायला थांबाच!

हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, म्हणून आपण खूश. परतताना तोच छातीवर येतो. मीही फसले होते. शेवटी सायकल हातात धरून चालले. म्हणून मुरूडला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा.

ब्रेक घरीच तपासा, उतारावर तेच कामी येतात. जास्तीची ट्यूब आणि हवेचा छोटा पंप बरोबर ठेवा. पंक्चर काढायलाही घरीच शिका, अगदी मुलांनासुद्धा शिकवा.