पप्पांना असं सांगितलं असतं का?

मूल म्हणजे अजून पुरता न झालेला माणूस, असं मी आयुष्यभर मानत आलो. तोंडानं कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, आजूबाजूचे सगळे तेच मानत होते. पोराचा राग, अपमान, हट्ट हे सगळं तात्पुरतं. खरा हिशोब तो मोठा झाल्यावर.

लालबाग-परळच्या पट्ट्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. 1982चा गिरणी संप फसल्यावरच्या वर्षांत नोकरीला लागलो. घरी बसलेले बाप पोराला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडायचे आणि म्हणायचे, "सर, मारा, पण शिकवा." त्यात क्रूरपणा नव्हता. हातातलं काम गेलेल्या माणसाला पोराच्या दहावीपलीकडे आशा दिसत नव्हती. मी मात्र त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला. गृहपाठ नसला की बोटांच्या पेरांवर पट्टी, आणि वर एक ठरलेलं वाक्य: मोठा झालास की आभार मानशील. काहींनी खरंच मानले. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला भेटतात, भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्या नमस्कारांवर मी बरीच वर्षं काढली. ज्यांना आभार मानायचे नव्हते ते मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेले असतील. ते मला दिसणार कसे?

2009चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या सतराव्या कलमानं शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं. माझा हात थांबला, मत तसंच राहिलं. स्टाफरूममध्ये "आता पोरं डोक्यावर बसणार" म्हणणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

त्याआधी कधीतरी माझ्या बहिणीनं मुलीला दादरच्या हिंदू कॉलनीतल्या शिशुविहारमध्ये घालायचं काढलं होतं. ताराबाई मोडकांनी 1936 साली सुरू केलेली ही बालशाळा. शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही, अशा मताच्या त्या बाई. मूल आपलं काम आपण निवडतं, यावर त्यांचा विश्वास. मी बहिणीला म्हणालो, "हे कॉलनीवाल्यांचे लाड आहेत, चाळीतल्या पोरांना परवडायचे नाहीत." याच ताराबाईंनी पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर, ज्यांच्याकडे चाळीतली खोलीसुद्धा नव्हती त्यांच्या मुलांसाठी, अंगणवाड्या काढल्या हे मला ठाऊक होतं. पण ते सोयीचं नव्हतं, म्हणून बोललो नाही.

निवृत्तीनंतर वेळ खायला उठला. ओळखीच्या एकानं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नेलं. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. त्यांत मुलं असतात. शाळा बुडालेली, डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला मास्क. मी त्यांना शिकवायला जाऊ लागलो. बुलढाणा जिल्ह्यातला एक मुलगा होता, दहाएक वर्षांचा, रक्ताचा कर्करोग. गणितात तल्लख, बोलायला तिखट. त्याला पाठीतल्या सुईची फार धास्ती होती. या आजारात मणक्यातून औषध द्यावं लागतं, आणि त्या दिवशी त्याला हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे रडारड.

एका सकाळी त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. आज सुई आहे, पण त्याला कळलं तर जिन्यावरच बसून राहील, तुमचं ऐकतो, तुम्हीच सांगा की आज नुसतं रक्त तपासायचंय. मी सांगितलं. जीभ जराही अडखळली नाही. उलट चेहऱ्यावर हसू आणून म्हणालो, "सर कधी खोटं बोलतात का?" हे वाक्य आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

नंतर मी गेलो तेव्हा तो वही उघडेना. रडत नव्हता, ओरडत नव्हता. मी समजूत काढू लागलो: अरे, तुझ्या भल्यासाठीच, तुला आधीपासून भीती नको म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, माझ्या पप्पांना सुई असती, तर त्यांना असं सांगितलं असतं का तुम्ही?"

मी उत्तर शोधत राहिलो. ते मोठे आहेत, असं म्हणणार होतो. पण मोठं असण्यानं नेमकं काय बदलतं? सुई दोघांनाही तेवढीच दुखते. फसवलं गेल्याचं दोघांनाही कळतं, त्याला कळलं होतंच. उरला एकच फरक: त्याचे वडील माझा गळा धरू शकले असते, तो धरू शकत नव्हता. म्हणजे मी आजवर ज्याला समज म्हणत होतो ती ताकद होती. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, एखादा नियम समजावून सांगावा तशी. आता कधी खरंच नुसतं रक्त काढायचं असेल तरी मला वाटणार सुईच आहे, म्हणजे तुम्ही माझे सुई नसलेले दिवसही घालवले.

वर्गात असतो तर याला मी उलट बोलणं म्हटलं असतं आणि बाकावर उभं केलं असतं. हे ध्यानात आलं तेव्हा एकेक चेहरे आठवू लागले. माझं सगळं शिकवणं पोरांचा आज गहाण टाकून त्यांचा उद्या सोडवायच्या हिशोबावर चाललं होतं. लहान मुलांचे बरेच कर्करोग आज बरे होतात, पण त्या खोलीत "मोठा झालास की" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. आणि जे तिथं बोलता येत नाही, ते वर्गात मी कुठल्या भरवशावर बोलत होतो?

इतिहासाचा मास्तर असल्यानं मग जुनेच धडे उलगडून बघितले. रखमाबाईंचा खटला मी दरवर्षी रंगवून सांगायचो. अकराव्या वर्षी लग्न लागलेली ही मुंबईची मुलगी मोठी झाल्यावर नांदायला नकार देते. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे तिच्या बाजूनं निकाल देतात, तो अपिलात फिरतो, आणि 1887मध्ये न्यायमूर्ती फॅरन सांगतात, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाला तयार होते. मी हे स्त्रीशिक्षणाच्या खात्यात मांडून मोकळा व्हायचो. अकरा वर्षांच्या मुलीच्या गप्प बसण्याला होकार कोणी ठरवलं, हा त्यातला पहिला प्रश्न मी एकदाही फळ्यावर लिहिला नाही.

कायद्याचंही नवल वाटलं. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारामध्ये त्या मुलाला त्या वेळी पुरेशी समज होती का ते बघायचं. ही रेघ 1860च्या दंडसंहितेतली, 2024मध्ये लागू झालेल्या न्यायसंहितेतही तशीच. म्हणजे शिक्षा ठरवताना आपण मुलाची समज तपासतो. पण त्याच्या अंगावरच्या उपचाराला बाराच्या आत पालकांची संमती पुरते. ते योग्यच आहे, दहा वर्षांच्या पोराला सुई नाकारायचा अधिकार द्या, असं मी आजही म्हणणार नाही. निर्णय आपला असेल. पण ज्याच्या अंगावर तो घ्यायचा त्याला खरं सांगणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं चुकत नाही. मुलांच्या हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1992 साली सामील झाला, त्याचं बारावं कलम मुलाचं म्हणणं ऐकायलाच सांगतं.

त्या मुलाची मी माफी मागितली. वडिलांसमोर. त्यानं लगेच माफ केलं नाही, आणि का करावं? पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला खरं सांगितलं. तो रडला, जिन्यावर बसला, बऱ्याच वेळानं उठला आणि गेला. उशीर झाला म्हणून वॉर्डात वडिलांना बोलणी बसली. त्या वडिलांना माझी नवी मतं महागच पडली, हेही खरं.

तुमच्या घरी लहान मूल असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना त्याला सांगा की इंजेक्शन आहे. दुखेल का विचारलं तर हो म्हणा. किती दुखेल ते ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आणि ते जिन्यावर बसलं तर बसू द्या, घरून थोडं लवकर निघा.