झाग्रेबमधलं थांबलेलं घड्याळ

क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला, मी २०१८ साली एका चर्चासत्रासाठी गेलो होतो. निबंध वाचून झाला आणि एक दुपार मोकळी मिळाली. चर्च, राजवाडे बाजूला ठेवून साव्स्का रस्त्याची ट्राम धरली. तिथल्या बास्केटबॉलच्या हॉलला, चौकाला आणि संग्रहालयाला एकाच माणसाचं नाव आहे : द्राझेन पेत्रोविच.

समुद्रकाठच्या शिबेनिकचा हा मुलगा, जन्म १९६४चा. शाळेआधी पहाटेच मैदान गाठून एकटा सराव करायचा. झाग्रेबच्या सिबोना संघाला त्याने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं. एका सामन्यात तर एकट्याचे ११२ गुण! आमच्या कॉलेजच्या अख्ख्या संघानेही कधी एवढे केल्याचं आठवत नाही. समोर त्या दिवशी पोरसवदा खेळाडू होते, हेही सांगायला हवं. माद्रिदला एक हंगाम खेळून १९८९ साली तो अमेरिकेत गेला. पोर्टलंडच्या संघात बहुतेक वेळ बाकावरच बसावं लागलं. १९९१ मध्ये न्यू जर्सीकडे आल्यावर मात्र अमेरिकेने त्याला मानलं.

संग्रहालयात त्याचं मनगटी घड्याळ आहे. पाच वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं. ७ जून १९९३, जर्मनीतला हमरस्ता, पाऊस, आडवा आलेला ट्रक. वय अवघं २८. त्या घड्याळापुढे शाळकरी पोरंही गप्प होत होती.

पण मला चटका लावून गेली ती त्याच्या मित्राची गोष्ट. सर्बियाचा व्लादे दिवात्स आणि हा, युगोस्लाव्हियाच्या संघातले जिवलग. अमेरिकेतल्या एकटेपणात फोनवरून एकमेकांना धीर देणारे. १९९० साली विश्वविजेतेपदाच्या जल्लोषात कुणीतरी क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आलं, दिवात्सने तो हिसकावला. पुढे देश फुटला, युद्ध पेटलं आणि अबोला कायमचा राहिला. आपल्याकडे आई मराठीत रागावते आणि शेजारच्या अक्का कन्नडमध्ये समजूत घालतात. एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात. तिथे तर दोघांची बोली जवळजवळ एकच! आपण सीमाभागातली माणसं, असं काही ऐकलं की जरा जास्तच आत लागतं.

संध्याकाळी १०६ नंबरच्या बसने मिरोगोयच्या दफनभूमीत गेलो. वेलींनी मढलेल्या भिंती, उंच झाडं. एका माहितीपटासाठी दिवात्स झाग्रेबला आला होता. तो माहितीपट २०१० साली आला. द्राझेनच्या आईला आणि भावाला भेटून त्याने या थडग्यावर दोघांचा जुना फोटो ठेवला होता.

मी गेलो तेव्हा फोटो नव्हता. लाल काचेतले दिवे होते आणि कुणीतरी ठेवलेला, पावसात भिजलेला एक चेंडू.