पाठवणारा कोण?

मी राहतो चौकला, कर्जत-पनवेल रेल्वेच्या आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या बेचक्यात. सांभाळतो ते सर्व्हर मात्र परदेशात. रात्री एखादी प्रोसेस मेली की ग्राहकाचा निरोप ठरलेला: रीस्टार्ट करा. करतोच. पण तिला मारलं कोणी, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लिनक्समध्ये एक प्रोसेस दुसरीला सिग्नल पाठवते, म्हणजे एक नंबर पाठवते. 15 आला की आवरून थांबायचं. 1 आला की बऱ्याच सेवा आपलं कॉन्फिगरेशन नव्याने वाचतात. 9 पुढे मात्र काही चालत नाही. तो प्रोसेसच्या हाती येतच नाही, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तिला थेट संपवतो. मागे उरतो एक्झिट कोड 137, म्हणजे 128 अधिक 9. प्रोसेसवर नजर ठेवणारा स्ट्रेस (strace) लावून ठेवला असेल तर 15 सोबत पाठवणाऱ्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, दिसतो, 9 च्या वेळी तोही नाही. म्हणून पाळत मरणाऱ्यावर नव्हे, मारणाऱ्याच्या वाटेवर ठेवावी लागते.

एका ग्राहकाची रिपोर्टची सेवा रोज रात्री अडीचला पडायची. सर्व्हरच्या यूटीसी घड्याळात तेव्हा बरोबर 21:00 वाजलेले असतात, त्यामुळे संशय ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनवर गेला. कोण कोणाला सिग्नल पाठवतं ते दाखवणारं किलस्नूप चालू ठेवलं. वेळ झाली आणि ओळ उमटली: पाठवणारा पीकिल, सिग्नल 9, पुढे आमच्या सेवेचा पीआयडी. पण नावावरून प्रोसेस शोधून मारणारा पीकिल क्षणभर जगतो. शोधायला जावं तोवर गेलेला. पुढच्या रात्री जोडीला नव्याने सुरू होणाऱ्या प्रोसेस टिपणारं एक्झेकस्नूप लावलं, त्यात त्याचा पालक सापडला: बॅकअपची स्क्रिप्ट. आपलंच अडकलेलं जुनं काम मारायला तिने पीकिलला ‘-एफ’ देऊन ‘रिपोर्ट’ हा शब्द शोधायला लावलं होतं. ‘-एफ’ दिला की अख्खी कमांड लाइन तपासली जाते, आणि त्या शब्दात आमची सेवाही बसत होती. स्क्रिप्टमध्ये नेमका पीआयडी वापरला, सेवा पडायची थांबली.

किलस्नूप फक्त किल हा सिस्टम कॉल बघतं, हे विसरू नये. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतः मारतो तेव्हा तिथे काहीच उमटत नाही. ते डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, शोधायचं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: किल कॉलची नोंद ठेवणारा ऑडिटचा नियम पहिल्याच दिवशी लावा. मेल्यानंतर लावलेला नियम त्या रात्रीचं काही सांगू शकत नाही.