उलटवलेली कॉलर

चंद्रपूरचा उन्हाळा कपड्यांची खरी परीक्षा घेतो. पारा ४७ च्या घरात गेला की टेरिकॉटचा शर्ट पाठीला चिकटतो आणि पेटीतले सुती कपडे बाहेर निघतात. सुती कापड घाम पितं, पण कॉलरच्या घडीवर आणि बगलेत विरतंही लवकर. अशा वेळी दुपारी कूलरसमोर बसून घरातलं कुणीतरी ब्लेडने कॉलरची टीप उसवतं आणि तीच कॉलर उलटून पुन्हा बसवतं. विरलेली बाजू आत जाते, कोरी वर येते. शर्टाची आणखी दोन वर्षांची सोय होते.

लुगड्याचंही पूर्वी असंच होतं. उठून-बसून नऊवारीचा मधला भाग आधी जायचा. पदर आणि दुसरं टोक शाबूत राहायचं. मग फाटका पट्टा काढून दोन्ही तुकडे जोडायचे, म्हणजे दांड घालायचा. जोड निऱ्यांत कुठे लपेल, हे कात्री लावण्याआधीच ठरलेलं असे. त्यानंतर त्याच लुगड्याचं बाळाचं दुपटं व्हायचं आणि उरलंसुरलं गोधडीत जायचं.

चंद्रपूर जिल्ह्यातलंच सावली हे खादीचं जुनं केंद्र. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं आणि गांधीजी आले. चरख्याचा आग्रह धरणाऱ्या या माणसाने शिवणयंत्राला मात्र १९२४ मध्येच सूट दिली होती. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रेमातून आलेलं यंत्र त्यांना चालत होतं. घरी खादी शिवणारे एक पथ्य आजही पाळतात: कापड आधी भिजवायचं, वाळवायचं आणि मगच बेतायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही मनगट सोडून वर चढते.

शिवणाऱ्या हाताची खरी कसोटी मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची. ब्लाउज काचतो म्हणून मुंढा खाली उतरवला, तर हात वर करताच सगळा ब्लाउज वर सरकतो. जाणती शिवणारीण मुंढा जागच्या जागी ठेवून बगलेत कापडाचा चौकोनी तुकडा बसवते. हाच चौबगला. रोवणीत दिवसभर वाकून धान लावणाऱ्या बाईला या चार बोटं कापडाची किंमत पाठ असते.

तेंदूच्या हंगामाची तऱ्हा निराळी. मे महिन्यात पहाटे जंगलात जाताना बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. काटे शर्टाला लागतात, हात वाचतात. घरी आल्यावर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून होतात. शर्टाच्या कोपरावरच्या ठिगळाची पाळी त्यानंतर येते.

माप दुरून घेतलं की काय होतं, हे २०२४-२५ च्या शालेय वर्षात साऱ्या राज्याने पाहिलं. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत सरकारने कापड एकत्र खरेदी केलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. गणवेश उशिरा आले आणि मापाच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. दोष शिवणाऱ्या बायांच्या हाताचा नव्हता. ज्या पोराला ते कपडे घालायचे होते, तो त्यांच्यासमोर उभाच नव्हता. घरी आई त्याला दारात उभं करते, ‘हात वर कर’ म्हणते, तोंडातली टाचणी काढते आणि पँट पुढच्या जूनपर्यंत पुरेल इतकी दुमड आत घेते.

साडीची शेवटची नोकरी मात्र शेतावर. धानाच्या बांधाभोवती, रानडुकरांना अडवायला, बांबूंना बांधलेल्या जुन्या साड्यांची रंगीत रांग गडचिरोलीच्या रस्त्यांवरून सहज दिसते. तिथवर पोचलेल्या कापडाचे पैसे पुरते वसूल झालेले असतात.

येत्या जूनमध्ये पोरांसाठी तयार कपडे घ्याल, तेव्हा दुकानातच ते उलटून पाहा. शिवणीत बोटभर माया आणि खाली दोन बोटं दुमड नसेल, तर दुसरा नग मागा.