तीन महिने कुणाला सांगायचं नाही

फोडणीचा वास सहन होत नाही, हिंगाचा तर मुळीच नाही. आई म्हणते, तिलाही माझ्या वेळी असंच व्हायचं. पण ती तेव्हा २३ वर्षांची होती, मी ३६ची. डॉक्टरांनी फाइलवर वय लिहून त्याखाली रेघ ओढली. पस्तिशीनंतर गर्भपाताची आणि गुणसूत्रांतल्या दोषांची शक्यता वाढते, म्हणून अकराव्या आठवड्यानंतर एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी. ठीक आहे, करू.

फॉलिक अ‍ॅसिड मी आधीपासून घेत होते, याचं मला फार समाधान आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. एवढं मोठं काम माझ्या आत चाललं होतं, आणि मी ऑफिसात बसून हिशेब तपासत होते!

सोनोग्राफीत ठोका दिसला. इवलीशी फडफड. मी रडले.

सासूबाई म्हणतात, तीन महिने कुणाला सांगू नकोस. त्यांच्या मनातली काळजी मला कळते. बहुतेक गर्भपात याच काळात होतात. पण तसं काही झालंच, तर ते दुःखही एकटीनंच गिळायचं? मला नाही पटत. मी मैत्रिणीला सांगून टाकलं. तेव्हा कळलं, तिचाही गर्भ टिकला नव्हता. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही बराच वेळ बोललो. रक्त तपासायला ती माझ्याबरोबर येणार आहे.